निर्देशांक आणि खासबागचे माग

२३ मार्च २०२० रोजी मुंबई शेअरबाजाराचा निर्देशांक एका दिवसात ३,९३४ अंशांनी, म्हणजे तेरा टक्क्यांहून अधिक कोसळला. दोनच दिवसांनी देशभर टाळेबंदी लागू झाली आणि बेळगावच्या खासबाग, वडगाव, शहापूर या विणकर वस्त्यांतील मागांचा खडखडाट थांबला. त्या आठवड्यात बाजाराची आणि मागाची गत एकच होती. पुढे मात्र दोघांच्या वाटा फुटल्या. २१ जानेवारी २०२१ रोजी निर्देशांकाने ५० हजारांचा आकडा प्रथमच गाठला. सप्टेंबर २०२४ मध्ये तो ८५ हजारांच्या वर गेला. अशा प्रत्येक टप्प्यावर देशाची प्रकृती ठणठणीत असल्याची ग्वाही मोठ्या उत्साहाने दिली गेली. ही ग्वाही ज्या देशाविषयी आहे तो नेमका कोणता, असा प्रश्न खासबागच्या विणकराला पडला असल्यास नवल नाही.

निर्देशांकावर आमचा राग नाही. १ जानेवारी १९८६ पासून मुंबई शेअरबाजार तीस निवडक कंपन्यांच्या समभागांचे मूल्य या एका आकड्यात सांगत आला आहे. १९७८-७९ हे वर्ष त्याचा पाया, त्या वर्षीचे मूल्य १०० धरलेले. 'सेन्सेक्स' हे त्याचे सुटसुटीत नाव रूढ केले ते दीपक मोहोनी या बाजार-विश्लेषकांनी. १९९६ मध्ये राष्ट्रीय शेअरबाजाराचा पन्नास कंपन्यांचा 'निफ्टी' त्याच्या जोडीला आला. ज्या कामासाठी हे आकडे योजले ते काम ते चोख करतात. तक्रार आहे ती त्यांना देशाची नाडी मानणाऱ्यांविषयी.

या मोजमापाचा एक गुण असा की, दुबळ्याला त्यात जागा नाही. १९८६ च्या यादीत बॉम्बे डाइंग आणि सेंच्युरी या कापडगिरण्यांच्या कंपन्या होत्या, प्रीमियर ऑटोमोबाइल्स आणि हिंदुस्थान मोटर्सही होत्या. यांपैकी आज एकही नाही. त्यांच्या जागी नव्या सशक्त कंपन्या आल्या. आज तर बँका आणि वित्तसंस्था यांचेच वजन सर्वांत अधिक. थकलेला गडी बाहेर आणि ताज्या दमाचा आत, अशा रीतीने चालणारा संघ दीर्घकाळ जिंकत राहिला तर त्यात आश्चर्य कसले? १९८२ च्या संपानंतर गिरणगाव उजाड झाले, हजारो कोकणी घरांतील चुली मनिऑर्डरीविना राहिल्या. निर्देशांकाच्या चढत्या रेषेवर त्याचा ओरखडाही दिसत नाही. खासबागेत एखाद्याने माग भंगारात विकला, तर त्याच्या जागी मोजण्यासाठी दुसरे घर आणता येत नाही. ते घर वजाच होते.

गंमत अशी की, शेअरबाजाराचे बालपणच कापसात गेले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस बंद झाला आणि इकडच्या कापसाला सोन्याचे मोल आले. धारवाडच्या काळ्या मातीतला कापूसही त्यात होता. त्या पैशावर मुंबईत शेअरांचा ज्वर चढला आणि युद्ध संपताच १८६५ मध्ये उतरला; पेढ्या बुडाल्या. दलालांची रीतसर संघटना झाली ती त्यानंतर, १८७५ मध्ये. कापूस आणि शेअर यांचे भाव त्या वेळी एकत्र चढले, एकत्र पडले.

आज तसे राहिलेले नाही. सूत आणि कृत्रिम धागा यांचे भाव वाढले की धागा व त्याचा कच्चा माल बनविणाऱ्या मोठ्या कंपन्यांचा नफा फुगण्याची शक्यता असते. त्यांच्या समभागांना तेजी येते. तेच वाढीव भावाचे सूत विणकर विकत घेतो, आणि साडीचा दर मात्र व्यापारी ठरवितो. मधली तफावत विणकराच्या मजुरीतून भागते. म्हणजे ज्या कारणाने बाजारात आनंद, त्याच कारणाने खासबागेत चिंता, असे घडू शकते.

आता बाजार सर्वांचाच झाला आहे, असे उत्तर यावर मिळते. त्यात तथ्य आहे. २०१५ पासून कामगारांच्या भविष्यनिर्वाह निधीचा काही भाग निर्देशांकाधारित योजनांत गुंतविला जातो. परंतु घरच्या मागावर बसणाऱ्याला भविष्यनिर्वाह निधी कुठला? त्याच्या मुलाच्या हाती मोबाइल आहे, आणि त्यावर निर्देशांकाच्या चढउतारावर पैज लावण्याची सोय आहे. 'सेबी'ने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, त्याआधीच्या तीन आर्थिक वर्षांत वायदे व ऑप्शन यांत उतरलेल्या दर शंभर व्यक्तींपैकी त्र्याण्णवांनी पैसा गमावला. याला गुंतवणूक म्हणणे म्हणजे मटक्याला पेढी म्हणण्यासारखे आहे.

शेअरबाजाराचा आकडा क्षणाक्षणाला बदलतो आणि क्षणाक्षणाला कळतो. हातमाग विणकरांची गणना झाली ती २००९-१० मध्ये आणि त्यानंतर २०१९-२० मध्ये. सुमारे ३५ लाख लोक या धंद्यात असल्याचे आणि त्यांतील दोन-तृतीयांश कुटुंबांची मासिक मिळकत पाच हजारांच्या आत असल्याचे दुसऱ्या गणनेने सांगितले. तीही हातमागापुरतीच, खासबागेत आज बहुतेक माग विजेवर चालतात, त्यांची नोंद त्यात कुठून असणार?

बेळगाव कोणाचे, हा महाराष्ट्राने २००४ मध्ये दाखल केलेला दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. मराठी भाषिकांची त्या बाबतीतील भावना सर्वश्रुत आहे. पण त्या गल्ल्यांत मराठी बोलणाऱ्याच्या शेजारी कन्नड बोलणाराही माग चालवितो आणि दोघांना सूत एकाच भावाने पडते. या भूमीवर हक्क सांगणाऱ्या दोन्ही सरकारांनी सुताचा भाव, साडीमागची मजुरी आणि बंद पडलेल्या मागांची संख्या हे तीन आकडे दर महिन्याला प्रसिद्ध करावेत. त्याला फार खर्च येणार नाही. खासबाग, वडगाव, शहापूर मिळून एका कारकुनाची चार दिवसांची पायपीट पुरेल.