स्क्रीनशॉटवर भांडण्याआधी

डिसेंबरची सकाळ. कुर्ल्याहून बीकेसीकडे शेअर रिक्षा निघालीय आणि समोरच्या इमारती धुरक्यात अर्ध्या गायब आहेत. तुम्ही मोबाइल काढता. तुमचं अ‍ॅप हवेचा निर्देशांक सांगतं १००, मैत्रिणीचं सांगतं १५४. कॉलेजच्या ग्रुपवर स्क्रीनशॉट पडतात आणि कोणीतरी निकाल लावून टाकतं, ‘सरकारी आकडे खोटेच असतात रे!’

भांडा, जरूर भांडा. पण आकडा येतो कुठून, हे एकदा बघा. मग जास्त नेमकं भांडता येईल.

हवा तपासणाऱ्या प्रयोगशाळेचं काम सुरू होतं पाच सेंटिमीटरपेक्षाही लहान अशा एका पांढऱ्या गोल फिल्टरपासून. ठरावीक तापमानात आणि आर्द्रतेत ठेवून तो सूक्ष्म तराजूवर तोलतात आणि सॅम्पलर नावाच्या यंत्रात बसवतात. यंत्राचा पंप मिनिटाला साधारण १६.७ लिटर हवा ओढतो, म्हणजे २४ तासांत २४ हजार लिटर. तुम्ही-आम्ही दिवसाला साधारण ११ हजार लिटर हवा आत घेतो. थोडक्यात, हे यंत्र दोन माणसांचा श्वास घेतं. दुसऱ्या दिवशी करडा झालेला फिल्टर पुन्हा तोलला जातो. वजनातला फरक भागिले ओढलेली हवा, की झाला पीएम २.५ चा आकडा. हवेत घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम कण असतील, तर हा फरक दीड मिलिग्रॅमही भरत नाही. फिल्टरला चुकून बोट लागलं तरी गणित बिघडलं!

हे हाताने करायचं मोजमाप आठवड्यातून दोनदा होतं. स्वयंचलित केंद्रं मात्र तासातासाला मोजतात. तिथे धूळ एका पट्टीवर जमते आणि तिच्यातून बीटा किरण सोडतात. किरण जितके कमी पार होतील, तितकी धूळ जास्त.

मग १०० खरं की १५४? दोन्ही! पीएम २.५ ची २४ तासांची सरासरी ६० असेल, तर भारतीय निर्देशांक १०० येतो. अमेरिकी पट्टी वापरणारं अ‍ॅप त्याच हवेला दीडशेच्या वर नेतं. हवा एकच, मोजपट्ट्या दोन.

म्हणजे सगळं आलबेल आहे का? अजिबात नाही. आपली तक्रार फक्त चुकीच्या जागी होतेय. पहिली गोष्ट, निर्देशांकासाठी धुळीची २४ तासांची सरासरी घेतात. थंडीत सकाळी हवा खाली कोंडते, तेव्हा धावायला गेलेल्या मुलाने काय ओढलं, ते सरासरीत विरघळून जातं. दुसरी, केंद्राचं नाक जमिनीपासून ३ ते १० मीटर उंच असतं, तुमचं नाक सिग्नलला बसच्या सायलेन्सरशेजारी. तिसरी आणि सगळ्यात टोचणारी, निर्देशांक ५१ ते १०० असला की आपल्याकडे हवेला ‘समाधानकारक’ म्हणतात. त्या शंभराच्या मागे असलेले ६० मायक्रोग्रॅम हे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितलेल्या १५ च्या चौपट आहेत. समाधान नेमकं कोणाचं?

असे प्रश्न विचारायलाही आकडाच लागतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहराच्या हवेची स्वतःहून दखल घेतली. ‘आम्हाला खोकला येतो’ हे खरं असलं, तरी तेवढ्यावर बिल्डरचं काम थांबत नाही. त्यासाठी नोंद लागते. म्हणून प्रयोगशाळेला खोटं ठरवून मोकळं होणं सोपं असलं, तरी ते आपल्यालाच महाग पडतं. मागायचं असेल तर जास्त केंद्रं मागा, बंद पडलेली यंत्रं लवकर दुरुस्त करून मागा.

आणि सुरुवात हाताशीच आहे. पर्यावरण विषयाचा प्रोजेक्ट आपण सगळेच सीनियरच्या फाइलवरून उतरवतो ना? यंदा तो खरा करा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर केंद्रनिहाय नोंदी कोणालाही मोफत मिळतात. कॉलेजजवळच्या केंद्राचं एक वर्ष उतरवून घ्या. किती दिवस हवा वाईट होती ते मोजा आणि किती तासांची नोंदच नाही तेही मोजा. ते रिकामे रकाने घेऊन वॉर्ड ऑफिसात जा.

स्क्रीनशॉट संध्याकाळपर्यंत विसरला जातो. वर्षभराच्या नोंदींचा कागद टेबलावर ठेवलात, तर समोरच्याला काहीतरी उत्तर द्यावंच लागतं.