बीटावर भिस्त नको

ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरचे गणित बहुधा ‘बीटा १०० धरा’ असे सुरू होते आणि विद्यार्थी तो आकडा खरा मानून पुढे जातो. ही सवय मोडायलाच हवी. सहज मिळणाऱ्या बीसी ५४७बी ट्रान्झिस्टरचा बीटा माहितीपत्रकातच २०० ते ४५० असा दिलेला असतो. पुरवठा ९ व्होल्ट, कलेक्टरला ४.७ किलोओहम आणि बेसमध्ये ठरावीक ५ मायक्रोॲम्पिअर, अशी जोडणी घ्या. बीटा २०० असेल तर कलेक्टरमधून १ मिलिॲम्पिअर वाहतो आणि सर्किट छान चालते. ४५० निघाला तर ट्रान्झिस्टर संपृक्त होतो, आवाज फाटतो. कागदावरचे गणित बरोबर, तरी सर्किट निकामी!

उपाय रेझिस्टरच्या गुणोत्तरात आहे. बेसला दोन रेझिस्टरच्या विभाजकाने स्थिर व्होल्टेज द्यावे आणि एमिटरला ४७० ओहम जोडावा. एमिटरचा अंतर्गत रोध १ मिलिॲम्पिअरला सुमारे २६ ओहम; म्हणून गेन ४७०० भागिले ४९६, म्हणजे साधारण साडेनऊ. बीटाचा त्यात फारसा संबंधच उरत नाही. एमिटर रेझिस्टरविना १८० मिळणारा गेन का घालवायचा, असे कोणी विचारेल. पण ते २६ ओहम तापमान आणि प्रवाहाबरोबर बदलतात, म्हणून तो १८० कधीच स्थिर राहत नाही. जास्त गेन हवा तर दुसरा टप्पा जोडावा. सिम्युलेटर सगळे काढून देतो, हा दुसरा आक्षेप. देतो खरा, पण मॉडेलमध्ये लिहिलेल्या एकाच बीटासाठी. म्हणून परीक्षेत एक उत्तर न मागता बीटा २०० आणि ४५० असताना कलेक्टरचे व्होल्टेज किती, हे दोन्ही विचारावे.