जवारी लावणारे हात टिकले पाहिजेत

रमजानच्या महिन्यात हलाल कमाईची आठवण पुन्हा पुन्हा करून दिली जाते. स्वतःच्या हाताने मिळवलेल्या घासाहून चांगला घास नाही, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले आणि उदाहरण दिले ते हजरत दाऊद (अलै.) यांचे. अल्लाहने दाऊद यांच्यासाठी लोखंड मऊ केले, त्यांना चिलखत बनवायला शिकवले, असे पवित्र कुरआन सांगते. मिरजेच्या सतारमेकरांचे पूर्वजही लोखंडाचेच कारागीर. हे शिकलगार तलवारींना धार आणि चकाकी देत. शस्त्रांची मागणी ओसरल्यावर एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांनी तंतुवाद्यांच्या कामाकडे हात वळवला आणि पुढे हाच घराण्यांचा धंदा झाला.

मिरजेचा तंबोरा कोणा एका समाजाचा नाही. त्याचा भोपळा पंढरपूर, मंगळवेढा भागातल्या शेतकऱ्याच्या रानात पिकतो. तो वाळवून, पोखरून, त्याला लाकडी दांडी जोडून मिरजेचा कारागीर वाद्य उभे करतो. ते मैफलीत गवयाच्या मागे बसते, तर इथली वीणा भजनात वाजते. याच मिरजेत उस्ताद अब्दुल करीम खाँ राहिले. १९३७ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर ख्वाजा मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात त्यांना दफन केले गेले. त्यांच्या शिष्यपरंपरेतच सवाई गंधर्व आणि पुढे पंडित भीमसेन जोशी झाले.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. आनंदाचीच गोष्ट. पण मानांकनाने नावाला संरक्षण मिळते, हुनराला नाही. तंबोऱ्याच्या घोडीवर तार टेकते ती जागा कानसेने घासत, पुन्हा वाजवून पाहत, कारागीर जवारी काढतो. कानस अंमळ जास्त फिरली तर आवाज बसतो. हे काम पुस्तकातून शिकता येत नाही. उस्तादाशेजारी वर्षानुवर्षे बसावे लागते. मुलाने ही वर्षे का द्यावीत? इलेक्ट्रॉनिक तंबोरा खिशात मावतो, मोबाईलवर तर फुकट मिळतो. भोपळ्यापेक्षा उसात जास्त पैसा दिसला तर शेतकरीही ऊसच लावणार. दोघांनाही दोष देता येत नाही.

म्हणून कौतुकाच्या पुढे जाऊन काही करायला हवे. केंद्र सरकारने २०२३ मध्ये पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. तिच्या १८ व्यवसायांच्या यादीत शस्त्रे बनवणाऱ्यांना स्थान मिळाले, वाद्ये बनवणाऱ्यांना मिळाले नाही. म्हणजे शिकलगारांनी मागे सोडलेला धंदा यादीत आणि पुढे जगवलेला यादीबाहेर! राज्य सरकारने स्वतःच्या पैशाने शिकाऊ मुलांना विद्यावेतन द्यावे, शिकवणाऱ्या उस्तादांना मानधन द्यावे. संगीत विद्यालयांनी वाद्ये थेट कारागिरांकडून घ्यावीत आणि दुरुस्तीचा रास्त मोबदला द्यावा. गायक आणि महोत्सव भरवणाऱ्यांनीही हे खर्चात धरावे. भोपळ्याचा भाव पेरणीआधीच ठरला, तर शेतकरीही मागे हटणार नाही.

समाजाचीही जबाबदारी आहे. रमजानमध्ये जकात आणि सदका देण्यासाठी हात सैल होतात. त्यातून गरजू घराला रेशन मिळते, ते मिळायलाच हवे. त्याच घरातला एखादा मुलगा हुनर शिकत असेल, तर त्याला अवजारे घेऊन देता येतील, शिकण्याच्या वर्षांत घरखर्चाला हातभार लावता येईल. असा मुलगा उद्या घेणारा राहत नाही, देणारा होतो.

हे काम आजच व्हायला हवे. जवारी जाणणारे उस्ताद आज मिरजेत आहेत, तोवरच ती शिकता येईल.