निरोपाचा अधिकार

धनत्रयोदशीच्या सायंकाळी दक्षिणेकडे तोंड करून यमासाठी दिवा लावण्याची आणि अपमृत्यू टळो अशी प्रार्थना करण्याची चाल ज्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, त्या समाजाच्या दिवाळी अंकात पहिल्याच पानावर मृत्यूचा विषय यावा, यात अमंगळ असे काही आहे असे आम्हांस वाटत नाही. अकाली मरण येऊ नये, ही प्रार्थना आपल्या पूर्वजांनी केली. परंतु यथाकाल आलेल्या मरणास यंत्रांच्या बळावर महिनोन्‌महिने थोपवून धरावे काय, हा प्रश्न त्यांच्यापुढे कधी उभा राहिला नव्हता. तो अतिदक्षता विभागाने उभा केला. आणि दयामरणाविषयी गेल्या काही दशकांत आपल्या लोकमताचे जे स्थित्यंतर झाले, त्यास कोणत्याही तत्त्वज्ञानापेक्षा व्हेंटिलेटरच अधिक कारणीभूत झाला.

स्वेच्छेने देह ठेवणाऱ्यांविषयीचा आदर आपल्याला नवा नाही. फेब्रुवारी १९६६ मध्ये स्वातंत्र्यवीर सावरकरांनी अन्न व औषध वर्ज्य करून देह ठेवला. आणि १९८२ च्या ऐन दिवाळीत, १५ नोव्हेंबर रोजी, आचार्य विनोबा भावे यांनी पवनार येथे प्रायोपवेशनाने जगाचा निरोप घेतला. दोघांच्या विचारांत जमीन-अस्मानाचे अंतर. तरी त्यांच्या अखेरच्या निश्चयापुढे दोघांचेही अनुयायी सारख्याच भक्तिभावाने नतमस्तक झाले. मात्र हा मान आपण थोरांपुरताच राखून ठेवला. एखाद्या निवृत्त कारकुनाने इस्पितळातील खाटेवरून हीच इच्छा बोलून दाखविली असती, तर घरच्यांनी त्याला निराशेचे लक्षण मानले असते आणि डॉक्टरांनी कायद्याकडे बोट दाखविले असते. १९८१ साली मिनू मसानी यांनी मुंबईत सन्मानाने मरण्याच्या हक्कासाठी संस्था स्थापन करून हा मान सामान्यांसाठी मागितला खरा. पण त्याला कायद्याचा आधार मिळण्यास आणखी तीन दशके जावी लागली.

तो मिळाला परळच्या केईएम इस्पितळातील प्रकरणातून. नोव्हेंबर १९७३ मध्ये पाशवी अत्याचारास बळी पडलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांची निश्चेष्ट अवस्थेतून मरणाने सुटका व्हावी, असा अर्ज लेखिका पिंकी विराणी यांनी केला होता. ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. कारण सदतीस वर्षे ज्यांनी त्यांना भरविले आणि अंगावर एक शय्याव्रणही उमटू दिला नाही, त्या केईएमच्या सेवकवर्गाला त्या जगाव्यात असे वाटत होते, आणि तेच त्यांचे खरे आप्त, असे न्यायालयाने मानले. परंतु असाध्य रुग्णाचे जीवरक्षक उपचार उच्च न्यायालयाच्या मंजुरीने थांबविता येतील, ही वाटही त्याच निकालाने मोकळी केली. ९ मार्च २०१८ रोजी घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क जीविताच्या हक्कातच अंतर्भूत असल्याचे सांगून वैद्यकीय इच्छापत्रास मान्यता दिली; आणि जानेवारी २०२३ मध्ये त्यावरील न्यायदंडाधिकाऱ्याच्या सहीची जाचक अट निघून दोन साक्षीदार व नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर हा दस्तऐवज पुरा करण्याची तजवीज झाली. अंमलबजावणीपूर्वी डॉक्टरांच्या दोन मंडळांनी खातरजमा करावयाची असते. प्राण घेणारी सुई टोचणे मात्र आजही गुन्हाच आहे.

तो तूर्त तसाच राहावा, असे आमचे मत आहे. विनोबांच्या निश्चयापाशी सेवेस तत्पर माणसे होती, बुद्धी अखेरपर्यंत स्वच्छ होती आणि पैशाच्या विवंचनेचा त्याला स्पर्शही नव्हता. उलट, इस्पितळाच्या बिलापायी शेत गहाण पडत असता ‘मला आता घरी न्या’ म्हणणारा वृद्ध स्वतःचा हक्क बजावीत असतो की मुलांना कर्जातून वाचवीत असतो, हे कोणत्या वैद्यकीय मंडळाला सांगता येईल? वांद्र्याचे शांती अवेदना सदन १९८६ पासून असाध्य कर्करुग्णांची शुश्रूषा करीत आहे. पण तालुक्याच्या गावी तशी सोय विरळाच. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने मॉर्फिनसारखे वेदनाशामक अनेक परवान्यांच्या कचाट्यात अडकविले; २०१४ च्या दुरुस्तीने तो कचाटा सैल झाला, तरी औषध खेड्यातील रुग्णाच्या उशाशी पोचणे हे काम बाकीच आहे. ज्याच्या वेदनेचे शमन करणे शक्य असूनही आपण केले नाही, त्याच्या मरणेच्छेस स्वेच्छा म्हणण्याचा अधिकार आपल्याला पोचत नाही.

म्हणून शासनाने शुश्रूषेची तरतूद वाढवावी आणि कुटुंबांनी संकोच सोडावा, ही दोन्ही कामे बरोबरीने व्हावयास हवीत. घरादाराच्या वाटण्यांचे मृत्युपत्र करण्यास आपण कचरत नाही. मग आपल्या देहाविषयीची इच्छा शुद्धीत असताना लेकरांना स्पष्ट सांगण्यास, आणि लेकरांनी ती न रडता ऐकण्यास, का कचरावे? सारे गणगोत एकत्र जमण्याचे दिवस वर्षात थोडे; त्यांपैकी एखाद्या दुपारी हे बोलणे झाले, तर पुढे आणीबाणीच्या रात्री कागदावर सही करणाऱ्या मुलाच्या मनावरचे ओझे पुष्कळ हलके होईल. आमच्या लेखक-वाचकांस व हितचिंतकांस ही दीपावली सुखाची जावो, आणि दीर्घायुष्याबरोबर ते आपल्या मर्जीने जगण्याचे स्वातंत्र्यही सर्वांस लाभो.