विजारीची लांबी

मुलांचे कपडे हा विषय इतिहासाच्या ग्रंथांत सहसा आढळत नाही. तेथे लढाया असतात, तह असतात, राजांच्या वंशावळी असतात; परंतु त्या राजांना लहानपणी कोणी काय घातले, हे विचारण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही. फिलिप आरिएस या फ्रेंच अभ्यासकाने १९६० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या बालपणविषयक ग्रंथात हा प्रश्न विचारला आणि जुन्या चित्रांतून व रोजनिशींतून त्याचे उत्तर शोधले. फ्रान्समधील मुलग्यांच्या पोशाखाची ही कथा मनोरंजक तर आहेच. पण आम्हांला ती आणखी एका कारणाने वाचकांपुढे ठेवावीशी वाटते. लहान मुलगा आपले कपडे स्वतः निवडीत नाही, घरातील वडील माणसे निवडतात. मुलाविषयी त्या माणसांच्या मनात काय आहे, ते त्या कपड्यांत उतरलेले असते.

तेराव्या लुईचा जन्म १६०१ सालचा. झां एरोआर या राजवैद्याने त्याच्या जन्मापासून पुढे अनेक वर्षे त्याची रोजनिशी लिहिली. बालक काय जेवले, किती झोपले, काय बोलले, सारे तीत नोंदलेले आहे. फ्रान्सचा हा भावी राजा पहिली काही वर्षे पायघोळ झगा आणि टोपडे अशाच वेषात वावरत होता. सुखवस्तू घरांत तेव्हा ही सर्वसाधारण रीत होती. तीत सोयही होती: मूल झपाट्याने वाढते, बंद आणि गुंड्या त्याला स्वतः सोडता येत नाहीत, आणि झगा असला म्हणजे सांभाळणाऱ्या बायकांचे कष्ट वाचतात. १६०८ साली, सातवे वर्ष पुरे होण्याआधी, लुईचा झगा उतरला. अंगात पुरुषी बंडी व विजार आली, खांद्यावर डगला आला आणि कमरेला तलवार लागली. दोन वर्षांनी पित्याचा खून झाला आणि हाच मुलगा गादीवर बसला.

आरिएसने त्या काळच्या चित्रांतील एक बारकावा टिपला आहे. मुलांच्या खांद्यांवरून पाठीवर दोन फिती लोंबताना दिसतात. पूर्वी मोठ्या माणसांच्या अंगरख्यांना नुसत्या लोंबत्या बाह्या असत, त्यांचा हा अवशेष, असे त्याचे मत. मोठ्यांनी टाकून दिलेली रीत मुलांच्या अंगावर टिकून राहिली होती. मात्र हा वेगळेपणाचा मान मुलग्यांनाच; मुलीला लहानपणापासून छोट्या स्त्रीसारखेच नटविले जाई. आणि गरिबाच्या मुलाच्या वाट्याला मोठ्यांचे जुने कपडे कापून केलेलेच येत.

अठराव्या शतकात वारे बदलले. १७६२ साली रूसोने आपल्या ‘एमिल’मध्ये बाळांना घट्ट गुंडाळून ठेवण्याच्या चालीवर कडक टीका केली, मुलाचे हातपाय मोकळे असावेत, असा त्याचा आग्रह होता. एलिझाबेथ विजे-लब्रँ या चित्रकर्तीने १७८७ साली राणी मारी आंत्वानेतचे मुलांसह चित्र काढले. त्यात धाकटा राजपुत्र आईच्या मांडीवर पांढऱ्या झग्यात आहे आणि थोरला, लुई जोझेफ, लाल रंगाच्या आटोपशीर पोशाखात रिकाम्या पाळण्याजवळ उभा आहे. त्यांची तान्ही बहीण त्याच वर्षी वारली होती. थोरल्याचा पोशाख हा त्या काळचा नवा प्रकार. जाकीट आणि घोट्यापर्यंतची विजार गुंड्यांनी एकमेकांस जोडलेली असे, आणि ती कल्पना खलाश्यांच्या वेषावरून घेतलेली होती.

यातील विनोद लक्षात घेण्यासारखा आहे. सरदार-दरकदार त्या वेळी गुडघ्याशी संपणारी तंग तुमान घालीत. लांब विजार खलाश्यांची आणि मजुरांची. क्रांतीच्या दिवसांत पॅरिसच्या सामान्य जनांना ‘सां-क्युलॉत’, म्हणजे ‘बिनतुमानीचे’, हे नाव पडले ते त्यावरूनच. क्रांतीपूर्वीच राजवाड्यातला मुलगा मजुरासारखी विजार घालून खेळत होता, आणि त्याचा बाप तुमानीत होता! लुई जोझेफ १७८९ च्या जून महिन्यात आजाराने वारला. बास्तीयचा तुरुंग त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत पडला. पुढच्या पिढीत साऱ्याच पुरुषांनी लांब विजार पत्करली.

मग काटा उलटा फिरला. बाप लांब विजारीत आल्यावर मुलगा हळूहळू आखूड विजारीत गेला. अगदी लहानांचा झगा मात्र सुटला नाही. १८७८ साली रन्वारने मादाम शार्पांतिये आणि त्यांच्या मुलांचे प्रसिद्ध चित्र रंगविले. त्यात एकसारखे झगे घातलेली दोन गोजिरवाणी बालके आहेत. पाहणाऱ्याला त्या दोघी बहिणी वाटतात. पण आईशेजारचे मूल म्हणजे तीन वर्षांचा पोल हा मुलगा आहे. रन्वारने स्वतःच्या झां या मुलाचे केसही बरीच वर्षे लांब राखले होते. हाच झां रन्वार पुढे चित्रपट-दिग्दर्शक म्हणून नावारूपाला आला. जावळ काढीपर्यंत मुलाचे केस राखणाऱ्या आमच्या घरांना यात फारसे नवल वाटू नये.

श्रीमंतांच्या या कौतुकाला शह मिळाला तो शाळेत. झ्यूल फेरी यांच्या कायद्यांनी १८८१ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि १८८२ साली सक्तीचे झाले. शेतकऱ्याचा, लोहाराचा आणि वकिलाचा मुलगा एका बाकावर आला, आणि त्यांच्या कपड्यांवर काळा किंवा करडा सैल झगा चढला. यासाठी देशभर एकच गणवेश ठरविणारा कायदा नव्हता. गरजेनेच ही चाल रूढ झाली. बाकाला दौतीचे भोक, दौतीत जांभळी शाई, हातात टाकाचे निब: आतला सदरा वाचवायचा तर वरून काही हवेच. त्या झग्याने विरलेले कोपर आणि ठिगळे झाकली. पण पायांतल्या लाकडी तळव्यांच्या बुटांवरून मूल कोणाच्या घरचे, हे कळायचे ते कळतच असे.

गरीब घरी कपड्याची किंमत काय होती, हे लुई पर्गो याने ओळखले होते. खेड्यात शिक्षकी केलेल्या या लेखकाची ‘गुंड्यांची लढाई’ ही कादंबरी १९१२ साली निघाली. दोन गावांतील पोरांचे हाडवैर. सापडलेल्या शत्रूच्या कपड्यांची बटणे आणि नाड्या कापून घ्यायच्या, हीच लूट. खरी शिक्षा होई घरी गेल्यावर, बापाच्या हातून. म्हणून ती पोरे एकदा नागडी होऊन लढतात, आणि पुढे पैसे गोळा करून बटणांचा सामाईक साठा करतात! वाचताना हसू येते. पण एका बटणासाठी मार खावा लागणाऱ्या घराचे चित्र हसण्यावारी नेता येत नाही. पर्गो १९१५ साली महायुद्धात कामी आला.

आखूड विजारीचे राज्य त्यानंतर आणखी सुमारे अर्धे शतक चालले. थंडीतही गुडघे उघडे, खाली लोकरी मोजे. १९५९ पासून गोसिनी आणि सांपे यांनी रंगविलेला छोटा निकोला याच वेषात भेटतो. लांब विजार मिळे ती तेराचौदाव्या वर्षाच्या सुमारास. त्याआधी कॅथलिक घरांत अकराबारा वर्षांच्या मुलाचा धर्मसंस्कार होई, तेव्हा नवा सूट शिवीत आणि दंडावर पांढरी फीत बांधीत. मुंजीचा बटू पाहिलेल्यांना त्या आईबापांच्या डोळ्यांतले पाणी समजावून सांगण्याची गरज नाही.

हे सारे थोड्या वर्षांत ओसरले. १९६५ साली फ्रेंच शाळांत बॉलपेनला परवानगी मिळाली आणि शाईच्या डागांचे निमित्त संपले. १९६८ च्या विद्यार्थी आंदोलनानंतर झगा मागे पडत गेला. मुले, मुली, आईबाप सारेच जीन्समध्ये आले. आता तीन वर्षांचा मुलगा आणि चाळिशीचा बाप एकाच कापडाची, एकाच बेताची विजार घालतात. परंतु २०२४ साली फ्रान्समधील काही शाळांत सरकारी प्रयोग म्हणून पुन्हा एकसारखा पोशाख आला. विषमता झाकली जाईल, असे एक पक्ष म्हणतो. झाकल्याने ती जाते काय, असे दुसरा विचारतो. काळ्या झग्याचा इतिहास पाहता दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, असे आम्हांला वाटते.

उघड्या गुडघ्यांनी कुडकुडणाऱ्या पोरांचे दिवस परत यावेत, असे कोणी म्हणणार नाही. मुलांना मोकळे, धुवायला सोपे आणि स्वतःच्या आवडीचे कपडे मिळाले, हे उत्तमच झाले. एक गोष्ट मात्र त्या जुन्या विजारीबरोबर गेली. शिंप्याकडून पहिली लांब विजार आली की “आता तू मोठा झालास” हे मुलाला वेगळे सांगावे लागत नसे. त्या दिवसापासून घरात त्याच्याशी बोलण्याची रीतही बदले. ते सांगण्याचे काम आता कपडे करीत नाहीत. तेव्हा ते आईबापांनी स्वतःच्या तोंडाने, योग्य वेळी आणि प्रेमाने केले पाहिजे. त्यासाठी शिंप्याची गरज नाही. घरातील वडील माणसांनी मुलाला शेजारी बसवून घेण्याइतकी सवड काढली, तरी पुरे.