आंधळ्या कुत्र्याला कसं घर हवं?



प्राणिमात्रांवर दया करा, असं आपण वर्गात शिकवतो. संविधानाच्या कलम ५१-क मध्येही ते मूलभूत कर्तव्य आहे. म्हणून निवाऱ्यातलं गरीब, आंधळं कुत्रं पाहिलं की मुलं लगेच म्हणतात, "सर, घरी नेऊ का?" इथे मोठ्यांनी जरा थांबावं.

असं कुत्रं वासावर आणि आवाजावर घर ओळखतं. श्रीरामपूरच्या भर बाजारपेठेत किंवा उसाचे ट्रॅक्टर जातात त्या रस्त्यावर ते गोंधळून जातं. त्याला शांत घर हवं. पाण्याचं भांडं रोज एकाच जागी, सामान न हलवलेलं, हात लावण्याआधी हाक आणि वेळेवर रेबीजची लस. मळ्यातली वस्ती उत्तमच, पण विहिरीला कठडा हवा.

नामदेव महाराज भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तूप घेऊन धावले, ही गोष्ट आपण मुलांना सांगतो. कोरडी भाकरी त्याला कशी जाईल, हे त्यांच्या मनात आलं. दया म्हणजे समोरच्याची गरज ओळखणं.

चार दिवसांची हौस असेल तर कुत्रं आणू नका. सवयीचं झालेलं घर सुटलं, की त्याला सगळं पुन्हा चाचपडावं लागतं. पण घर शांत असेल आणि घरात दिवसभर कुणी असेल, तर जरूर आणा. मुलं दयेचा धडा रोज घरीच शिकतील.