पंख कधी फुटायचे, हे कोण ठरवतं?

रेशमाच्या अळीकडे कितीही निरखून पाहा, पंख कुठे दिसणार नाहीत. पण त्यांची तयारी झालेली असते. छातीच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या भागात, कातडीच्या आत, पेशींचे चार इवलेसे पुंजके दडलेले असतात. तेच उद्याचे चार पंख. मग ते आजच का फुटत नाहीत?

कारण अळीच्या शरीरात दोन हार्मोन्स असतात. एक्डायसॉन सांगतं, ‘कात टाक.’ ज्युवेनाइल हार्मोन सांगतं, ‘टाक, पण अळीच राहा.’ हे दुसरं भरपूर आहे तोवर कात टाकून निघते ती थोडी मोठी अळीच. पाचव्या अवस्थेत ते ओसरतं. मग एक्डायसॉनच्या हुकमाने अळी कोष विणते, आत तिचा प्युपा होतो, पंख बाहेर येतात आणि पुढे त्यांवर खवले चढतात.

हे एक्डायसॉन हाती लागणं महाकठीण होतं. १९५४ मध्ये जर्मनीत बुटेनांट आणि कार्लसन यांनी सुमारे ५०० किलो रेशीमकिड्यांचे प्युपे वापरले, तेव्हा कुठे २५ मिलिग्रॅम मिळालं. चिमूटभरसुद्धा नाही!

एका जातीच्या केसाळ पतंगात तर याच हार्मोनचा अजब खेळ दिसतो. प्युपा होताना नर-मादी दोघांनाही पंख असतात. मग एक्डायसॉन वाढतं. नराचे पंख वाढीला लागतात आणि मादीच्या पंखांच्या पेशी मरू लागतात. हार्मोन तेच, हुकूम ऐकणाऱ्या पेशी वेगळ्या.

रेशीमशेतीत सगळा हिशोब याच घड्याळावर चालतो. पंख फुटलेला पतंग कोष फोडून बाहेर पडला की अखंड धागा गेला, म्हणून त्याआधीच कोषांना वाफ द्यावी लागते. अळ्या मागेपुढे पिकल्या तर त्या वेचून चंद्रिकेवर टाकायला मजूर दोन-तीन दिवस अडकून पडतात. त्यासाठी काही अळ्या पिकू लागताच वनस्पतींतून काढलेलं एक्डायसॉनसारखं द्रव्य तुतीच्या पाल्यावर फवारून देतात. मग बहुतेक अळ्या एकदमच कोष करायला चढतात.

ज्युवेनाइल हार्मोनसारखं औषधही मिळतं. पाचव्या अवस्थेत अगदी अल्प मात्रेत दिलं, तर अळी जास्त दिवस खाते आणि कोष वजनदार होतो. मात्रा जास्त झाली, तर ती नुसती खातच राहते, कोष करतच नाही. शिवाय वाढीव दिवसांचा पाला आणणार कुठून? बागेत तेवढी तुती उभी असेल, तरच या भानगडीत पडावं.